विहिरीत कोण पडलं होतं?

माधवीताई,

माझं नाव शर्मिष्ठा. आडनाव छापू नका, नाव छापलंत तरी चालेल. प्रश्न त्याचाच आहे. वय ४१. मला एक मोठी बहीण आहे आणि तिचं नाव देवयानी. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल.

नावं बाबांनी ठेवली. त्यांना संस्कृतचं वेड होतं. हीच का ठेवली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात नव्या नोकरीत पहिल्या दिवशी ओळख करून देताना प्रत्येकानं आपल्या नावाचा अर्थ सांगायचा होता. मी म्हटलं, "शर्मिष्ठा म्हणजे भाग्यवान." कुठेतरी वाचलं होतं. समोरचा एक जण म्हणाला, "अहो, ती तर देवयानीची दासी!" सगळे हसले, मीही हसले. नंतर कुणीतरी सहज विचारलं, बहीण-भाऊ कोणी आहेत का, तर मी चक्क "नाही" म्हणाले.

घरी येऊन गोष्ट वाचली. आधी दासी, मग सवत, तीही चोरून. तेव्हापासून डोक्यात एकच आहे. बाबांनी समजूनउमजून एकीला राणीचं नाव दिलं आणि दुसरीला दासीचं? तशी मी दुसरीच होते म्हणा. ताईच्या वह्यांची उरलेली पानं, ताईला आखूड झालेले कपडे. एक निळा फ्रॉक होता, आईनं त्याच्या कॉलरच्या आतून लाल दोऱ्यानं 'दे' काढलं होतं. माझ्याकडे आला तेव्हा 'दे' उसवून 'श' काढला, पण 'दे'ची भोकं दिसायचीच. ती मी बोटानं चाचपत बसायचे.

बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची पुस्तकं ताईनं मला न विचारता नेली, त्यावरून वाजलं आणि आता दोन वर्षं आम्ही बोलत नाही.

कुणी नावाचा अर्थ विचारला तर खरी गोष्ट सांगू, की "भाग्यवान" म्हणून मोकळी होऊ? आणि नाव बदलूनच टाकलं तर?

– शर्मिष्ठा

प्रिय शर्मिष्ठा,

तुमच्या सहकाऱ्याला गोष्ट अर्धी माहीत आहे आणि तुम्ही ती पाऊण वाचलीत. दासी सापडली, सवत सापडली. विहीर मात्र तुमच्या पत्रात कुठेच नाही. आधी तिथे जाऊ.

महाभारताच्या आदिपर्वात गोष्ट अशी आहे. वृषपर्वा असुरांचा राजा, शर्मिष्ठा त्याची मुलगी. शुक्राचार्य असुरांचे गुरू, देवयानी त्यांची मुलगी. वनात मुलींचा घोळका पाण्यात उतरलाय, कपडे काठावर. इंद्र वारा होऊन येतो आणि सगळे कपडे एकमेकांत मिसळून टाकतो. शर्मिष्ठा वर येते आणि हाताला लागेल ते वस्त्र नेसते. ते देवयानीचं असतं. कपड्यांची सरमिसळ झालीय हे तिला ठाऊक नव्हतं, असं महाभारत स्वच्छ सांगतं. भागवतात इंद्राचा खोडसाळपणा नाही. तिथे नंदीवर बसलेले शंकर-पार्वती येताना दिसतात आणि मुली लाजून, घाईघाईनं मिळेल ते नेसतात. चूक तीच, नकळत झालेली.

पहिला शब्द देवयानीचा. असुराची पोर तू, माझी शिष्या, माझं वस्त्र घेतेसच कशी? त्यावर शर्मिष्ठेनं दिलेलं उत्तर आजही अंगावर येतं. तुझा बाप माझ्या बापापुढे खाली उभा राहून भाटासारखी त्याची स्तुती गातो, ती म्हणते. मागणाऱ्याची, स्तुती करणाऱ्याची, हात पसरणाऱ्याची मुलगी तू. ज्याची स्तुती होते त्याची, देणाऱ्याची, कुणाकडून काही न घेणाऱ्याची मुलगी मी. बोलून भागलं नाही तेव्हा तिनं देवयानीला विहिरीत लोटलं आणि ती मेली असं धरून घरी निघून गेली. तिथे शब्द आहे 'अनवेक्ष्य'. मागे वळून न बघता.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दासी म्हणून जिची कणव करायची तयारी करून बसले होते, ती ही निघाली.

तर तुमच्या नावाची मुलगी गोष्टीत येते ती राजकन्या म्हणून, आणि चांगली माजलेली. दासी ती नंतर झाली, स्वतःच्या करणीनं. 'राणीचं नाव तिला, दासीचं मला' हा हिशेब मला इथेच गडबडलेला दिसतो. सुरुवातीला राजवाड्यातली तुम्ही आहात. तुमची ताई आश्रितासारखी वागवली गेलेली गुरूची मुलगी आहे आणि तेही तिला तोंडावर ऐकवलं गेलंय.

पुढचं पटकन सांगते. शिकारीला आलेला ययाती पाणी शोधत त्या कोरड्या विहिरीपाशी येतो आणि देवयानीचा उजवा हात धरून तिला वर काढतो. ती नगरात पाऊल टाकायला तयार होत नाही. शुक्राचार्य तिला रागाबद्दल, क्षमेबद्दल चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात (सगळे बाप सांगतात), ती ऐकत नाही. मग गुरूच राजाला म्हणतात, आम्ही निघालो. वृषपर्व्याची पाचावर धारण बसते, कारण मेलेल्यांना उठवणारी संजीवनी विद्या शुक्राचार्यांकडे आहे. ते गेले तर देवांशी लढणार कोण? काय हवं ते माग, तो देवयानीला म्हणतो. देवयानी मागते: हजार मुलींसकट शर्मिष्ठा माझी दासी व्हावी आणि बाप मला देईल तिथे तिनं माझ्यामागून यावं.

आता यापुढचा प्रसंग मात्र सावकाश वाचा. निरोप घेऊन दाई शर्मिष्ठेकडे जाते. रडारड नाही, 'मीच का' नाही. माझ्या अपराधापायी गुरू आणि देवयानी निघून जायला नकोत, एवढं म्हणून ती लगेच निघते. पालखीत बसून, हजार मुलींच्या घोळक्यात ती नगराबाहेर पडते. दासी व्हायला निघालीय, पण पालखीतून! देवयानी टोमणा मारायची संधी सोडत नाही: मी तर भाटाची, भिकाऱ्याची मुलगी, जिच्या बापाची स्तुती होते ती माझी दासी कशी बरं होईल? विहिरीच्या काठावरचे शब्द जसेच्या तसे परत आलेत. शर्मिष्ठा त्यावर भांडत नाही. संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना ज्या कशानं सुख मिळेल ते करावं, म्हणून मी तुझ्यामागून येईन, एवढंच म्हणते.

हे वाक्य लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर थोडं व्याकरणात या. कंटाळा येणार नाही, तुमच्या नावाचंच आहे.

नावांच्या याद्यांमध्ये 'भाग्यवान', 'सुखी', कुठे नुसतंच 'सुंदर' असा अर्थ दिलेला असतो. पहिले दोन चुकीचे नाहीत, पण चव गेलेले आहेत. मूळ शब्द 'शर्मन्'. त्याला लागलेला '-इष्ठ' तुम्ही दिवसातून दहा वेळा वापरता: ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, आणि राग आला की पापिष्ठ. 'सगळ्यांत जास्त' असं सांगणारा हा प्रत्यय. (त्यामुळेच तुमच्या नावात ठ आहे. 'शर्मिष्टा' लिहिणाऱ्यांना खुशाल टोका.) 'शर्मन्'चा एक अर्थ सुख, आणि वेदांत वारंवार येणारा दुसरा अर्थ आसरा, निवारा, संरक्षण. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात पृथ्वीला विनवणी आहे: आम्हाला सुखद हो, बिनकाट्यांची हो, राहायला जागा देणारी हो, 'यच्छा नः शर्म सप्रथः'. ऐसपैस आसरा दे आम्हाला. डोक्यावर छप्पर आलं की जीवाला जे बरं वाटतं, तो हा शब्द. सुख हा अर्थ मला त्या छपराखालचाच वाटतो.

आता दोन्ही एकत्र ठेवा. आसरा असा ज्या नावाचा अर्थ, ती मुलगी स्वतःच्या माणसांवरचं छप्पर उडू नये म्हणून पालखीत बसून निघाली. तिच्या आयुष्यात ती आपल्या नावाला सर्वांत जास्त जागली ती, मला विचाराल तर, नेमकी त्या घडीला. तुमचा सहकारी ज्याला हसला, त्या घडीला.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कुणाचं नाव कसं असावं याचा एक श्लोक आहे. ब्राह्मणाच्या नावात 'शर्म' असावं आणि शूद्राच्या नावात सेवा दिसावी, असं तो सांगतो. हाक मारताच माणसाची पायरी कळावी, अशी ती सोय. आणि इथे असुराची मुलगी, पुढे दासी झालेली, नावात 'शर्म' घेऊन सबंध गोष्टभर वावरते. मला हे वाचताना दर वेळी बरं वाटतं.

पण एक सांगून ठेवते. 'कुटुंबासाठी झिजणारी' असा बिल्ला त्या मुलीला लावू नका, स्वतःला तर मुळीच नको. घरातल्या धाकटीला हा बिल्ला लावायला सगळे टपलेले असतात. शर्मिष्ठा गेली कारण खड्डा तिनंच खणला होता आणि भरायचाही तिनंच होता. दुसऱ्याच्या चुकीपायी बळी गेलेली मुलगी नव्हे ती. आणि दासी झाल्यावर ती मान खाली घालून बसली, असंही नाही.

देवयानीचं ययातीशी लग्न होतं, शर्मिष्ठा मागून जाते. शुक्राचार्य जावयाला बजावतात, हिला मान दे, पण शेजेवर बोलावू नको. राजा तिला अशोकवनाजवळ घर बांधून देतो. दिवस जातात. मग एके दिवशी ती स्वतःहून ययातीसमोर उभी राहते आणि मूल मागते. तो म्हणतो, शुक्राचार्यांना शब्द दिलाय. त्यावर ती जो युक्तिवाद करते तो एखाद्या मुरलेल्या वकिलाचा आहे. बायको, दास आणि मुलगा या तिघांचं स्वतःचं म्हणून काही नसतं. त्यांच्याकडे जे येतं ते त्यांच्या मालकाचं. मी देवयानीची, देवयानी तुमची, म्हणजे मीही तुमचीच की! ज्या नियमानं तिचं सगळं काढून घेतलं, तोच नियम पुढे करून तिनं आपल्याला हवं ते मिळवलं. पुढे पिढ्यान्‌पिढ्यांनी, तिच्याच वंशाच्या सभेत, असाच नियम द्रौपदीच्या तोंडावर फेकला जातो. शर्मिष्ठेनं तो आधीच वापरून टाकला होता.

तुम्ही लिहिलंत, 'तीही चोरून'. खरं आहे. देवयानीनं विचारलं, हे मूल कुणाचं, तर ती म्हणाली एका ऋषीचं. तीन मुलगे होईपर्यंत ते खपलं. मग एकदा वनात देवयानीनं त्या पोरांनाच विचारलं, बाप कोण तुमचा, आणि पोरांनी बोट दाखवलं ते थेट ययातीकडे! शर्मिष्ठेचं त्यावरचं म्हणणं ऐका: मी ऋषी म्हटलं होतं, ते खरंच होतं. राजर्षी हा ऋषीच ना. इथे मला दर वेळी हसू येतं. ती साध्वी नाही आणि बिचारीही नाही. रागीट आहे, तोंडाळ आहे, स्वतःचं केलेलं निस्तरणारी आहे, आणि हवं ते मागायला लाजत नाही. एका मुलीला एवढं पुरे झालं.

पुढचं तुम्ही वाचलंच आहे: शुक्राचार्यांचा शाप, ययातीचं अकाली म्हातारपण, मुलांकडे तारुण्याची याचना. देवयानीचे यदू आणि तुर्वसू नाही म्हणतात. शर्मिष्ठेचे द्रुह्यू आणि अनूही नाही म्हणतात. सर्वांत धाकटा पुरू हो म्हणतो आणि गादी त्याला मिळते. आपल्याकडे शर्मिष्ठा बहुतेकांना भेटते ती वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'तून, १९५९ सालच्या. तिथे तिला पुरू हा एकच मुलगा आहे, म्हणून हे तीन मुलगे पुष्कळांना नवे वाटतात.

आता तुमच्या बाबांकडे येते. 'समजूनउमजून ठेवलं का' असं तुम्ही विचारलंत. संस्कृत वाचणाऱ्या माणसानं ही जोडी न समजता ठेवली असेल, हे मला पटत नाही. पण काय समजून, हा प्रश्न उरतो. त्यासाठी एक श्लोक देते. कालिदासाच्या शाकुंतलाचा चौथा अंक, शकुंतला सासरी निघालीय. कण्व, जन्म न देता बाप झालेला माणूस, तिला आशीर्वाद देतो:

ययातेरिव शर्मिष्ठा भर्तुर्बहुमता भव ।
सुतं त्वमपि सम्राजं सेव पूरुमवाप्नुहि ॥

ययातीला जशी शर्मिष्ठा, तशी तू नवऱ्याच्या मानाची हो. तिला जसा पुरू झाला, तसा सम्राट मुलगा तुला होवो. मुलीला निरोप देताना बापाच्या तोंडी नाव आलं ते तुमचं. लग्नाची राणी देवयानी होती, तिचं नव्हे. शकुंतला पुरूच्याच घराण्यात निघाली होती, तेव्हा ते शोभूनही दिसतं. नवरा पुढच्याच अंकात तिला ओळखत नाही, हा भाग वेगळा. आशीर्वादांचं असंच होतं. पण संस्कृतचं वेड असलेल्या माणसाच्या हातून चौथा अंक सुटत नाही. 'शर्मिष्ठा' म्हटल्यावर तुमच्या सहकाऱ्याला दासी आठवली. तुमच्या बाबांना हा श्लोक आठवत असणं मला जास्त शक्य वाटतं.

आणि दोन्ही नावं एकत्र ठेवण्यामागचा आणखी एक धागा, मला सुचलेला. पुरूच्या वंशात दुष्यंत, भरत, कुरू आणि पुढे पांडव. यदूच्या वंशात कृष्ण. म्हणजे वंशावळीच्या हिशेबानं, कुरुक्षेत्रावर दोन सैन्यांच्या मध्ये रथ थांबवून जे दोघं बोलत बसले, त्यातला ऐकणारा शर्मिष्ठेच्या घरचा आणि सांगणारा देवयानीच्या घरचा. विहिरीच्या काठावर ज्यांचं बोलणं तुटलं, त्यांची पोरं इतक्या पिढ्यांनी इतकं बोलली. बाबांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण दोन मुलींना ही नावं देणाऱ्या माणसाला वंशावळ पाठ असणार, यावर पैज लावायला तयार आहे.

माझंही सांगते थोडं, नाहीतर ही मोठी शहाणी बसून दुसऱ्यांची नावं सोलतेय असं वाटायचं. माधवी म्हणजे वेल, वसंतात फुलणारी. चाळिशीपर्यंत मी एवढ्यावर खूश होते. मग उद्योगपर्वात गालवाची गोष्ट वाचली. गालवाला गुरुदक्षिणा म्हणून विश्वामित्राला ८०० घोडे द्यायचे असतात, पांढरेशुभ्र आणि एकेक कान काळा असलेले. तो मागायला जातो कुणाकडे, तर ययातीकडेच. ययातीकडे घोडे नसतात. तो मुलगी देतो. माधवी. तिला तीन राजांकडे फिरवलं जातं, प्रत्येकाकडून २०० घोडे, प्रत्येकाला एक मुलगा. उरलेल्या २०० घोड्यांच्या बदल्यात विश्वामित्रच तिला ठेवून घेतो. शेवटी बाप तिचं स्वयंवर मांडतो, तेव्हा जमलेल्या सगळ्या वरांना ओलांडून ती वनाला माळ घालते.

म्हणजे शर्मिष्ठा, आपण एकाच घरातल्या. आणि बघा, माधव्या जागोजागी आहेत, पण 'अहो, ती तर घोड्यांच्या बदल्यात दिलेली!' असं आम्हाला कुणी भर बैठकीत म्हणत नाही, कारण गोष्टच कुणाला माहीत नसते. तुमचं एवढंच दुर्दैव की तुमची गोष्ट अर्धीमुर्धी का होईना, लोकांना माहीत आहे.

माधवीची गोष्ट वाचल्यावर वर्षभर मी कुणी हाक मारली की चिडायचे. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "मला ते 'ध'वर जीभ टेकवणं आवडलं." इतकंच! मी एवढं महाभारत घेऊन गेले आणि त्यांनी मला एक अक्षर परत केलं. तुमच्या बाबांनी दुसऱ्या मुलीच्या वेळी आधीच्या नावाला जोड हवी म्हणून दोन मिनिटांत हे ठरवलं असेल, हीही शक्यता मनात ठेवा.

आता तुमचे प्रश्न. कुणी अर्थ विचारला तर 'भाग्यवान' नको. ते तुम्हालाच पटत नाही आणि ते तोंडावर दिसतं. 'आसरा' म्हणा. 'शर्म म्हणजे आसरा, त्यातला सगळ्यांत मोठा' म्हणा आणि पुढे जा. गोष्ट सांगायची की नाही, हे माणूस बघून ठरवा. त्या सहकाऱ्यानं पुन्हा दासी काढली तर म्हणा, हो, दासी होती, आणि पांडवांचं घराणं तिचंच. शक्यतो हसत. तो गप्प बसेल. नाही बसला तर त्याच्या नावाची गोष्ट शोधून ठेवा. बहुतेक नावांच्या तळाशी एखादी विहीर असतेच.

नाव बदलायचं म्हणाल तर तो तुमचा हक्क आहे आणि कागदोपत्री ते होतं. पण पत्र परत वाचलं तर त्यात नावाबद्दलची तक्रार दोन ओळींची आहे. फ्रॉकचा आणि पुस्तकांचा मजकूर त्याच्या दुप्पट. नाव बदलल्यावर 'देवयानीची धाकटी बहीण' हे तसंच राहील, आणि बहीण नाही असं सांगून आल्यावर तुम्ही हे पत्र लिहायला बसलात, हेही मला दिसतंय.

म्हणून ताईबद्दल बोलते, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. तिच्या नावाखाली काय आहे ते एकदा बघा. 'देवयान' ही उपनिषदांतली देवांकडे जाणारी वाट, आणि हे नाव असुरांच्या गुरूच्या मुलीला! तिचं पहिलं प्रेम कच. बृहस्पतीचा हा मुलगा शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला आला. असुरांनी त्याला मारलं की देवयानी बापाकडे हट्ट धरून त्याला उठवायची, असं पुन्हा पुन्हा झालं. विद्या मिळाल्यावर तो म्हणाला, तू मला बहिणीच्या जागी. वर शाप देऊन गेला, ऋषिपुत्र तुझा हात धरणार नाही. मग विहीर. मग मैत्रिणीनं आणि नवऱ्यानं मिळून केलेली फसवणूक. मग थोरला मुलगा यदू असताना गादी सवतीच्या धाकट्याला. तुम्ही लहानपणापासून तुमच्या ताईला राणी समजत आलात. ती तिची गोष्ट कशी वाचत आली असेल? तिलाही कधीतरी कुणीतरी हसून काहीतरी म्हटलं असेलच, आणि तेव्हा धाकट्या बहिणीचं नाव तिला कसं ऐकू आलं असेल?

तुमची ताई म्हणजे ती देवयानी नव्हे आणि तुम्ही ती शर्मिष्ठा नव्हे, हे मलाही कळतं. न विचारता पुस्तकं नेणं चूकच आहे आणि ते तिला सांगायला हवं. पण नावाचं उत्तर ज्या घरात असू शकतं, ते तिचं घर आहे. शाकुंतलाची प्रत तिथे असेल, आदिपर्वाचा खंड असेल. बाबा वाचताना पेन्सिल हातात धरणाऱ्यांपैकी होते का? चौथ्या अंकात समासात काही खूण आहे का? हे बघायला तुम्हाला तिच्या दारात उभं राहावंच लागेल. वाटण्या मागायला नका जाऊ, निदान पहिल्या खेपेला. श्लोक शोधायला जा.

फोन करायचा तर महाभारतानं सुरुवात करू नका, दोन मिनिटांत वाद होईल. फ्रॉकनं करा. तुम्ही लिहिलंय 'दे' उसवून 'श' काढला, पण उसवला कुणी ते लिहिलं नाही. आईनं, असं तुम्ही धरून चाललाय बहुधा. ताईला विचारा. ती तेव्हा तुमच्यापेक्षा मोठी होती, तिच्या अंगावरून उतरलेला फ्रॉक होता आणि अक्षर तिच्या नावाचं होतं. तिला आठवत असेल.

– माधवी